पहिलं गिऱ्हाईक

रामटेके सरांच्या घरात धड चालू अवस्थेत असलेली एकच वस्तू मी आजवर पाहिली आहे, आणि ती म्हणजे खुद्द रामटेके सर.

बाकी सगळं बंद. दारावरच्या घंटीखाली पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवलेला: 'घंटी खराब है, आवाज दें.' पंख्याचं बटण दाबलं तर पंखा गुरगुरतो, फिरत नाही. कूलर फिरतो, पण पाणी चढवत नाही. फ्रिजचा उपयोग कपाटासारखा. त्यात मी एकदा इस्त्रीचे कपडे पाहिले आहेत. मे महिन्यात रायपूरची माणसं दुपारी दारं लावून मेल्यासारखी पडून असतात, तेव्हा सर खांद्यावर ओला पंचा टाकून व्हरांड्यात बसलेले. कोणी विचारलंच तर म्हणणार, "चालते नं भाऊ. मिस्त्री येऊन राह्यला उद्या."

आता गंमत अशी की हे सर आयुष्यभर आयटीआयमध्ये फ्रिज आणि एसी दुरुस्त करायला शिकवत होते.

बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांची आणि आमची भिंत एकच. भिंत अशी पातळ की सरांनी चहात साखर ढवळली तरी मला इकडे कळतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. रविवारी त्याचा फोन येतो, तोही मला कळतो, कारण सर फोनवर फक्त "हव, हव, बरं" एवढंच बोलतात आणि ते सुद्धा पुण्याला थेट ऐकू जाईल अशा आवाजात.

या बंद घराचं कोडं मला उलगडलं ते एका दुपारी. माझ्या बायकोनं कढीचं भांडं देऊन पाठवलं होतं. आत गेलो तर सर फ्रिजच्या मागे पालथे, तोंडात पेचकस, हातात बॅटरी.

"बिघडला का सर?"

"अजून नाही बिघडला," सर तोंडातला पेचकस काढून म्हणाले. "बिघडवून राह्यलो. थोडंसंच राह्यलं आता."

"काहून?"

"चार वाजता पोट्टे येऊन राह्यले नं."

मग लुंगी झटकत त्यांनी मला समजावलं. आयटीआयमधून पोरगं बाहेर पडतं. हातात प्रमाणपत्र असतं. जिथं जाईल तिथं पहिला प्रश्न: अनुभव आहे का? "अनुभव मागतेत सारे, देत कोणीच नाही. मंग मी देतो. याइचं पहिलं गिऱ्हाईक मी."

"पण सर, वर्कशॉपात फ्रिज उघडलेलेच असतात की त्यांनी."

"वर्कशॉपात मशीन शिकोतेत, भाऊ. मशीनच्या मांगं जो बुवा उभा रायते, तो कोण शिकोन?"

तो बुवा मी त्याच दिवशी पाहिला. चारच्या सुमारास सरांनी लुंगी सोडून पॅंट चढवली, सदरा आत खोचला, बंद पडलेलं घड्याळ मनगटावर बांधलं आणि कपाटाच्या जुन्या किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवायला लागले. खुळ, खुळ, खुळ. आणि तोंड उघडलं ते चक्क हिंदीत. एरवी भाजीवाल्याशीही वऱ्हाडीत भांडणारा माणूस!

"आ गए? इतनी देर? देखो भई, हमको टाइम नहीं है. जल्दी करो. शाम को बच्चे आने वाले हैं."

पोरं फ्रिजशी झुंजायला लागली की हा बुवा त्यांच्या डोक्यावर उभा. पिछला मिस्त्री पाच मिनिटात करून गेला होता, हे सांगणार. हात धुतले का, विचारणार. पाणी देणार नाही. मध्येच बंद असलेला फोन कानाला लावून कोणाला तरी मोठ्यांदा सांगणार, "हाँ जी, कोई अनाड़ी भेज दिया है." फ्रिज सुरू झाला तरी "आवाज़ कुछ अलग आ रही है" म्हणून नाक मुरडणार.

सगळं आटोपलं की तो आतल्या खोलीत जायचा आणि लुंगीतले सर बाहेर यायचे, चहाचं आधण टाकत. "अबे, तो पेच खिशात काहून ठेवला होता? गिऱ्हाईकाच्या घरी वाटी मांगायची, वाटीत ठेवायचा!"

पोरंही बेरकी. "सर, वो अंकल बहुत खड़ूस हैं."

"हव," सर कपात चहा गाळत म्हणायचे, "मलेही नाही आवडत तो."

मी हे सगळं ऑफिसात रंगवून सांगायचो. लोक हसायचे. हसता हसता एक दिवस पाळी माझ्या घरावर येईल, हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

प्राची माझी मुलगी. आम्ही घरात मराठी बोलतो, म्हणजे मी आणि बायको बोलतो. प्राचीला सगळं समजतं आणि ती हिंदीत उत्तर देते. लहानपणी 'आई' म्हणायची, त्याचंही पुढे 'मम्मी' झालं. तर या मुलीनं बीकॉम सोडून आयटीआयला फ्रिज-एसीचा कोर्स घेतला. सरांच्या शेवटच्या वर्गात ती एकटीच मुलगी. नागपूरच्या माझ्या मेव्हण्यानं फोन केला, "भाऊजी, पोट्टी फ्रिज दुरुस्त करत फिरन का आता दारोदारी?" मी त्याला ठणकावून सांगितलं की टेक्निकल लाइनला फार स्कोप आहे. मी आवक-जावक टेबलावर बसणारा माणूस. माझ्या हातून आयुष्यात एकच गोष्ट दुरुस्त झाली आहे, ती म्हणजे चष्म्याची दांडी, आणि ती अजून दोऱ्यावर आहे. स्कोप हा शब्द मी पेपरात वाचला होता.

कोर्स संपला. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अप्रेंटिसशिप मिळाली. रोज पहाटे डबा, बस, धूळ. वर्षभर तिला त्यांनी गेटवर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकांच्या नोंदी करायला. मशीनचं काम मुलीला कशाला, म्हणे. वर्षानंतर तिच्याकडे अप्रेंटिसशिपचंही प्रमाणपत्र आलं. ट्रकच्या नंबरवरून ती जिल्हा ओळखायची, पण गॅस भरायचा हात पार गेला होता.

मग तेलीबांध्याच्या एका एसी सर्व्हिसवाल्यानं ट्रायल म्हणून एका घरी पाठवलं. घरमालक आडवातिडवा माणूस. "लड़की करेगी?" म्हणाला आणि पाठीशी येऊन उभा राहिला. तांब्याची नळी वाकवताना प्राचीच्या हातून ती मुडपली. दुकानदारानं ओरडा वगैरे केला नाही. एवढंच म्हणाला, "बेटा, थोड़ा अनुभव लेके आओ."

घरी येऊन तिनं औजारांची पिशवी कपाटावर टाकली. महिना गेला, दुसरा गेला, पिशवी तिथंच. मी रोज ऑफिसला जाताना त्या पिशवीकडे बघायचो आणि येताना पुन्हा बघायचो. बायकोनं शेवटी एका साडीच्या दुकानात काउंटरची नोकरी शोधली. पगार बरा, एसी थंड, तो दुरुस्त करायचा नाही. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. मला विचाराल तर मी 'हो'च्या बाजूला झुकलो होतो. माणूस पोरीच्या काळजीनं दमला की कुठल्याही बाजूला झुकतो, बाजूला फक्त खुर्ची पाहिजे.

शनिवारी भिंतीपलीकडून हाक आली. "भाऊ! प्राचीले पाठवा. फ्रिज थंड नाही करून राह्यला."

"मैं नहीं जाऊँगी," प्राची म्हणाली. "सबको पता है, खुद बिगाड़ते हैं. नाटक है वो."

"नाटक तर नाटक," मी म्हटलं. "सरांचा मान म्हणून जा. शेवटचं म्हणून जा."

'शेवटचं' म्हटल्यावर ती उठली. स्टुलावर चढून पिशवी काढली, धूळ झटकली आणि गेली. मी पेपर घेऊन भिंतीला टेकून बसलो. बायको पोळ्या टाकून येऊन बसली. पेपर उलटा होता, हे तिनंच दाखवलं.

किल्ल्या वाजायला लागल्या. खुळ, खुळ.

"लड़की भेज दी? कोई आदमी नहीं था क्या?"

मी चमकलो. हा आवाज मी ऐकला नव्हता. नेहमीचा खडूस बुवा निदान विनोदी होता.

"क्या टटोल रही हो? आता है कुछ, कि गेट पे बैठ के ही आई हो?"

"आता बस झालं," मी उठलो. "काय बोलून राह्यला हा माणूस!"

"बसा," बायको म्हणाली. तिनं माझी बाही धरून ठेवली होती.

पलीकडे काही तरी खाली पडलं. पेचकस असावा. किल्ल्या अगदी जवळ आल्यासारख्या वाजल्या. सरांचा आवाज खाली आला, आणि तो आणखी वाईट लागला. "रहने दो. तुमसे नहीं होगा. दुकान पे जाके साड़ी बेचो."

साडीचं सरांना बायकोनं सांगितलं असणार. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं भिंतीकडे पाहिलं.

किल्ल्या वाजतच होत्या.

मग प्राचीचा आवाज आला. मोठा नव्हता. "अंकल, पीछे हटिए. रोशनी रुक रही है."

"हम अपने घर में खड़े हैं."

"तो बैठ जाइए. आप खड़े रहेंगे तो मैं भी खड़ी रहूँगी."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी बसलं. किल्ल्या थांबल्या. पुढे नुसतंच पेच फिरवल्याची करकर, मध्ये एकदा प्राची "एक कटोरी दीजिए" म्हणाली, आणि मग तो जुना फ्रिज खोकला, थरथरला आणि एका सुरात गुणगुणायला लागला. आमच्या भिंतीलाही ती थरथर लागली. बायको उठून आत गेली. पोळी करपल्याचा वास मघापासून येत होता.

प्राची आली. पिशवी कपाटावर न टाकता दाराशी ठेवली.

"सर काय म्हणाले?"

"कुछ नहीं. मुँह धोने गए तो आए ही नहीं." मग म्हणाली, "चाय भी नहीं पिलाई."

सोमवारी तिनं साडीच्या दुकानाला नाही कळवलं आणि पुन्हा तेलीबांध्याच्या त्या एसीवाल्याला गाठलं. आत काय बोलली ते मला माहीत नाही. दुकानदारानं ठेवून घेतलं, एवढं खरं. पगार साडीच्या काउंटरपेक्षा कमी आणि उन्हाळाभर दुसऱ्यांच्या गच्चीवर होरपळणं. मेव्हण्याला मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. टेक्निकल लाइन, एवढंच.

सरांचं मात्र घर बदलत गेलं. आयटीआयमध्ये नवे शिक्षक आले, नव्या पोरांना रामटेके सर कोण हे माहीत नाही. जुनी पोरं कोणी भिलाईला, कोणी सुरतला. दोघंतिघं मोटरसायकलवरून लोकांच्या घरी जेवणाचे डबे पोचवतात, ती गल्लीतून जाताना हॉर्न वाजवतात आणि थांबत नाहीत, त्यांना वेळ नसतो. चारच्या सुमारास भिंतीपलीकडे काही होईनासं झालं.

दिवाळीनंतर एकदा भांडं परत आणायला गेलो. सवयीनं हाक मारणार, तेवढ्यात कोपर बटणाला लागलं आणि घंटी वाजली. मी दचकलो. वर पाहिलं तर पुठ्ठा नाही. आत पंखा फिरत होता. फ्रिज थंड होता आणि त्यात एक टमाटा होता.

"सारं चालू आहे भाऊ," सर म्हणाले. एखाद्यानं आपलं दुखणं सांगावं, तसं म्हणाले. छान, म्हटलं. बसून चहा प्यायलो. पंख्याचा वारा लागत होता आणि दोघांनाही तो नको होता.

या मे महिन्याच्या एका रविवारी मी गॅलरीत उभा होतो. प्राचीची स्कूटी गल्लीत शिरली. अंगात कंपनीचा टीशर्ट, खांद्याला पिशवी. जेवायला आली असेल म्हणून मी बायकोला हाक मारणार, तर स्कूटी आमच्या दारापुढून निघून सरांच्या दाराशी थांबली. सरांनी रीतसर कंपनीत तक्रार नोंदवली होती. फ्रिज थंड करत नाही.

खरंच बिघडला होता की कसं, मी तिला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

सर बाहेर आले. पॅंट, खोचलेला सदरा, मनगटावर तेच बंद घड्याळ. सदरा आता खांद्यांवर सैल झाला होता. बोटात किल्ल्या फिरत होत्या, जरा हळू.

"इतनी देर लगा दी?" सर म्हणाले. "देखो भई, जल्दी करना. शाम को बच्चे आने वाले हैं."

प्राचीनं पिशवी उंबऱ्याशी ठेवली. चप्पल काढली. आणि माझ्या ज्या मुलीनं मला कधी मराठीत पाणी मागितलं नाही, ती म्हणाली,

"आली नं सर मी."