पाठीवरचा पांढरा

पेंटरने आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण एकही पाटी अर्धवट ठेवली नाही. म्हणूनच बायकोच्या शेवटच्या चित्राकडे बघून त्याचा जीव तुटायचा. साठीला टेकल्यावर ती हौसेने जलरंगांच्या क्लासला जायला लागली होती. चित्रात पेंटर स्वतःच, शिडीवर, पाठमोरा. मागे निळं आभाळ. शर्टाच्या पाठीवर मात्र बटाट्याएवढी कोरी जागा. तेवढं राहिलं आणि ती अंथरुणाला खिळली. तिला जाऊन आता दोन महिने झाले होते.

संध्याकाळी मुलगी चित्र फ्रेमसाठी न्यायला येणार होती. "अपुरं कसं द्यायचं?" म्हणत पेंटरने पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा उघडला. अहो, इथेच कुणीतरी त्याचा हात धरायला हवा होता. पण हात धरणारी राहिली होती कुठे!

जागा झकास भरली. थोड्याच वेळात त्या जागेभोवती तेलाचं पिवळट कडं पसरलं, ते थेट आभाळात. कडं झाकायला त्याने बायकोच्या पेटीतला निळा घेतला. ओला होता तेव्हा तंतोतंत जुळला. वाळला तर फिका! डब्यात दिसतो तसाच रंग पाटीवर दिसणार, एवढंच त्याला ठाऊक. आणखी निळा लावला, तर तेलकट कागदावर पाण्याचे थेंब जमले आणि शिडीवरून ओघळले.

"थांब, बघतोच तुला," म्हणत त्याने अख्खं आभाळच ऑइलपेंटने मारलं. आभाळ इतकं ठसठशीत झालं, की शिडी आजारी दिसायला लागली. शिडी रंगवली. मग शर्ट. दुपारपर्यंत चित्राची चकचकीत पाटी झाली. खाली फोन नंबर टाकायचा काय तो बाकी होता.

घाबरून त्याने क्लासच्या बाईंना फोन लावला. "बाई, पाण्याच्या रंगात पांढरा कुठला वापरतात?"

"वापरत नाही हो. कागद कोरा सोडतो, तोच पांढरा. एकदा झाकला की परत मिळत नाही."

"म्हणजे मुद्दाम सोडतात?"

"मुद्दामच! तुमच्या मिसेस तर ऊन फार छान सोडायच्या. का हो?"

"काही नाही, सहज," म्हणून त्याने फोन ठेवला. तिने पाठीवर सोडलेलं ऊन आपणच बुजवलं, हे कळल्यावर तो हमसून हमसून रडला. ती गेली तेव्हासुद्धा इतका रडला नव्हता.

मुलगी आली. "मी वाट लावली गं तिच्या चित्राची," तो दारातच म्हणाला. काही वाचवता येतंय का बघायला तिने कागद उलटा केला. मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'ऊन सोडायला गेले आणि पाठ जरा जास्तच कोरी राहिली. भोक पडल्यासारखं दिसतंय. ह्यांना विचारायचं.'

पेंटरने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "मग विचारलं का नाही?"

"तुम्ही हसाल म्हणून. 'पाण्याने कधी रंगकाम होतं का,' म्हणायचात ना सारखं."

म्हणायचा खरा.

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंत, बाबा?"

"पांढरा ऑइलपेंट मार, म्हणालो असतो."

"आणि तिने तो तुम्हालाच मारायला लावला असता."

पेंटरने चित्र उजेडात धरलं आणि खूप वेळ पाहिलं.

"नेऊ मग फ्रेमला?" मुलीने हळूच विचारलं.

"आज नको," तो डोळे पुसत म्हणाला, "ओलं आहे अजून."