मावशीच्या स्टेजवरचा सोफा

दुपारी जेवायला घरी आलेला तपासनीस सवयीने मागे न बघता सोफ्यावर बसायला गेला आणि धाडकन फरशीवर आदळला.

"सोफा कुठंय?" तो कळवळला.

"मावशीच्या स्टेजवर," बायको आतून म्हणाली. "तिचे गुडघे दुखतात. अख्खी सभा प्लास्टिकच्या खुर्चीत कशी काढणार ती?"

तपासनीस कंबर धरून उठला. बायकोची मावशी वॉर्डातून निवडणुकीला उभी होती, आणि उमेदवारांना मिळणाऱ्या देणग्या तपासणं हेच त्याचं काम. वापरायला दिलेली वस्तूही देणगीच धरायची, तिची किंमत मर्यादेत हवी, आणि निवडणूक कार्यालयातल्या माणसाने तर टाचणीसुद्धा द्यायची नाही, असा नियम. एका उमेदवाराला फुकट घरी सोडलं म्हणून मोठ्या मॅडमनी नुकतंच एका ड्रायव्हरला घरी बसवलं होतं. मावशीचं नातं तपासनिसाने कार्यालयात सांगितलंच नव्हतं. सांगू सांगू म्हणता राहून गेलं होतं.

"अगं, नोकरी जाईल माझी!"

"एका सोफ्यापायी? काहीतरीच तुमचं!"

सोफा परत आणायला टेम्पो बघावा म्हणून तो बाहेर धावला, तर दारात मॅडमची गाडी. "बरे भेटलात. बसा. तुमच्याच वॉर्डात त्या उमेदवार बाईंची सभा आहे. न सांगता जाऊ."

वाटेत त्याने बायकोला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने तीनदा फोन कापला.

सभेत मावशी पांढरी चादर टाकलेल्या सोफ्यावर ऐसपैस बसली होती. त्याला पाहताच तिचा चेहरा खुलला. "अगं बाई, जावई—"

मॅडमच्या पाठीमागून तपासनिसाने हात जोडले. मावशी तयारीची होती. "जा, वही आणा कोणीतरी! साहेब आलेत, हिशेब दाखवा!"

"हिशेब नंतर," मॅडम म्हणाल्या. "हा सोफा कोणाचा?"

"एका हितचिंतकाचा."

"नाव?"

"वय झालं हो. आठवलं की सांगते."

तपासनिसाच्या शर्टाची पाठ भिजली. मॅडमनी चादर उचलली, सोफ्याचा एक हात ठोकून पाहिला, गादी दाबली. आतली स्प्रिंग कुंईकन ओरडली. त्याला वाटलं, आता हिने आपलं नावच घेतलं.

"जाऊ द्या," मॅडम हात झटकत म्हणाल्या. "भंगार आहे. कोणीतरी टाकून दिलेला उचलून आणलाय. किंमत शून्य. म्हणजे देणगीही नाही आणि देणाराही नाही. चला."

मावशीने सुटकेचा श्वास सोडला. तपासनीसही दोन पावलं चालला. मग थांबला. लग्नानंतर वर्षभर पैसे साठवून त्याने हा सोफा करवून घेतला होता. सुताराच्या डोक्यावर उभा राहून, एकेक फळी स्वतः निवडून.

"शून्य?" त्याच्या तोंडून निघून गेलं. "अस्सल सागवान आहे, मॅडम! एक खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेत. पॉलिश बघा, आरसा आहे आरसा!"

मावशीने डोळे मिटून घेतले.

मॅडम सावकाश वळल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं, मग पेनाचं टोपण काढलं.

"असं? मग किंमत तुम्हीच सांगा."

तपासनिसाने एकदा त्या पेनाकडे पाहिलं. पण मान मात्र ताठ होती.

"सुताराची मजुरी धरून सांगू," त्याने विचारलं, "की नुसत्या लाकडाची?"