अथूचा भाला

आमच्या शेजारच्या घरतकाकांच्या देव्हाऱ्यात खंडोबा, एकवीरा आई, बाळकृष्ण आणि एक ग्रीक बाई अशी मंडळी गुण्यागोविंदाने राहतात. बाई वीतभर उंचीची, पितळेची. डोक्यावर शिरस्त्राण, एका हातात भाला, दुसऱ्यात ढाल आणि ढालीच्या कडेवर बसलेलं घुबड. शिरस्त्राणावर हळदकुंकू आणि गळ्यात तान्ह्या बाळाच्या मापाची हिरवी बांगडी. घुबडावर रोज एक ताजं झेंडूचं फूल असतं. ते पूजेचं नाही, घुबड झाकायचं आहे. कुंदाकाकूंचं म्हणणं, "पोरगी चांगल्या घरची हाय, पन सोबत वाईट."

ही अथेना. ग्रीक लोकांची बुद्धीची आणि युद्धाची देवी. काका तिला 'देवी' म्हणतात, काकू 'अथू'.

मी सानपाड्याच्या या सोसायटीत राहायला आले तीच दमलेली. बेलापूरला विम्याच्या कचेरीत नोकरी, घरात सासूबाईंचे गुडघे, नवरा फिरतीवर. सामानाची खोकी अजून फोडायची होती, आणि दारात एक काळेसावळे, उघडेबंब, लुंगी नेसलेले गृहस्थ सुतळीचा गुंडा घेऊन उभे.

"बाय, कबूतरं येतान काय गो तुज्याकडं?"

मी हो म्हणेपर्यंत ते थेट गॅलरीत. चारपाच दिवस रोज संध्याकाळी येऊन त्यांनी हाताने जाळं विणलं, खाडीत मासे धरायला विणतात तसं, गाठ मारून. चहा घेतला नाही. निघताना एवढंच म्हणाले, "विनकाम ही पन तिचीच शक्ती हाय." कोणाची, हे विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं. विचारायला हवं होतं असंही नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपणहूनच सांगितलं, आणि नंतर कित्येक वर्षं सांगत राहिले.

काका मूळचे उरणकडचे. जहाजातून उतरणारा माल मोजून टिपून घ्यायचा, ही त्यांची बंदरातली नोकरी. एकदा एक ग्रीक जहाज दुरुस्तीसाठी बरेच दिवस अडकून पडलं. त्यावरच्या खानसाम्याशी काकांची गट्टी जमली. "त्याची इंग्लिश मोडकी, माजी पन मोडकी. दोगांचं बराबर जुळलं." काका घरून सुके बोंबील न्यायचे, खानसामा त्यांना देवीच्या गोष्टी सांगायचा. जहाज निघालं त्या दिवशी त्याने आपल्या खोलीतली मूर्ती काकांच्या हातात ठेवली. बोंबलांच्या बदल्यात अख्खी देवी, म्हणजे व्यवहार काही वाईट नव्हता.

मूर्ती घरी आली तेव्हा काकूंनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, "लग्न झालंय?" काका म्हणाले, नाही, ही जन्माची कुमारिका, बापाच्या डोक्यातून चिलखतासकट बाहेर आली. "मंग आईविना पोर," काकू म्हणाल्या आणि तिला देव्हाऱ्यात बसवलं. दुसरा प्रश्न जेवणाचा. काकांना ते काही ठाऊक नव्हतं. काकूंनी आपल्या अकलेने ठरवलं की लढाईवरून आलेलं माणूस वरणभात खाणार नाही. तेव्हापासून रविवारी अथूसमोर तळलेल्या बोंबलाची बशी असते. तेवढा वेळ बाळकृष्णासमोर रुमाल धरतात. त्याला वास नको.

या दोघांना मूलबाळ नाही. हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या बांगडीचं माप पाहिलं की कळायचं.

आता देवीच्या शक्ती. काकांच्या मते त्या सगळ्या आमच्या सोसायटीत वापरता येतात.

पहिली, केस ओढणे. एकदा म्हणे एक मोठा योद्धा रागाच्या भरात आपल्याच राजावर तलवार उपसत होता. देवी मागून आली आणि तिने त्याचे केस धरले. दुसऱ्या कोणाला ती दिसली नाही. ही गोष्ट मला ऐकून माहीत होती; अनुभव आला तो सोसायटीच्या सभेत. आमच्या मजल्याला पाणी चढत नव्हतं, मी तक्रार मांडली, तर अध्यक्ष म्हणतात, "मॅडम, तुमच्या बादल्याच मोठ्या असतील." दिवसभर गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन आलेली मी. उठलेच. आता याची सात पिढ्यांची बादली करते, असं तोंडापर्यंत आलं आणि कोणीतरी मागून माझी वेणी ओढली. मी धपकन खाली बसले. मागे काका, छताकडे बघत.

"तुम्ही वेणी ओढलीत?"

"मी नाय गो. देवीनं. आता राग गीळ, मंग बोल."

गिळला आणि बोलले. दोन दिवसांत नळाची जुनी झडप बदलली. मात्र तेव्हापासून मी सभेला अंबाडा घालून जाते.

दुसरी शक्ती, धुकं. देवी आपल्या माणसाभोवती धुकं पसरते, मग तो शत्रूच्या गावातून बिनधास्त चालत जातो. काकांचा शत्रू म्हणजे काकूंच्या माहेरची माणसं. ती आली की काका गॅलरीत पेपर उघडून त्याच्या आड बसत. काकू आतून ओरडत, "धुक्याखाली पाय दिसतान! उटा, चा द्या पावन्यांना."

तिसरी, माणसाला उंच आणि देखणं करणे. माझी बढतीची मुलाखत होती त्या सकाळी त्यांनी मला जिन्यात अडवलं. "थांब. अशी गेलीस तं बसायला खुर्ची पन देनार नाय कोन. मान वर. खांदं मागं. कुंदा, गजरा आन!" काकूंनी गजरा माळला, पदर नीट केला. मी तीन इंच वाढून बेलापूरला गेले. बढती मिळाली नाही. चार दिवस मान मात्र धरली होती. काकांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "देवी उंची देते. साहेबाला अक्कल देनं तिच्या हातात नाय."

हे सगळं सांगून झालं की शेवटी त्यांचं पालुपद ठरलेलं: "देवी बसलीय, पन हात तू चालव." ही म्हण खानसाम्याची. बुडणारा माणूस देवीचा धावा करत होता, तेव्हा शेजारून पोहत जाणारा त्याला म्हणाला, धावा कर, पण हातही मार. काकांनी हे ऐकलं आणि आयुष्यभरासाठी गाठ मारून ठेवलं. त्यांचा आणखी एक नियम होता, देवीकडे स्वतःसाठी काही मागायचं नाही. "सेनापती हाय ती. अर्ज घ्यायला बसलेली तलाठी नाय."

एक शक्ती मात्र काकूंना अजिबात पटायची नाही. एक राजा लढाया करून, समुद्र तुडवून वीस वर्षांनी घरी आला. बायको वाट बघत बसलेली. बोलायचं किती राहिलेलं, आणि रात्र ती एकच. तेव्हा देवीने सकाळ थांबवून धरली. सूर्याचे घोडे जुंपूच दिले नाहीत. काका हे फार रंगवून सांगायचे. काकू भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "सकाळ थांबवली तं पानी कवा येल? सातला नळ जातो. राजाला काय, बादल्या बायकोनं भरायच्या."

काका गोष्ट पुन्हा घोड्यांपासून सुरू करायचे.

आता भाल्याचं सांगते. मूर्तीचा भाला सुटा आहे, पेन्सिलीएवढा, मुठीतल्या भोकातून आरपार जाणारा. रोज दिवेलागणीला काकू दिवा लावायच्या आणि अथूच्या हातातला भाला काढून घडी घातलेल्या रुमालावर आडवा ठेवायच्या. "दिवसभर धरून उभी हाय. हात भरून येत नसल काय पोरीचा?" सकाळी नळाचं पाणी भरून झालं, आंघोळ झाली, की तो परत तिच्या हातात द्यायच्या. भाला हातात आला की त्या घराची सकाळ झाली. काकांनी एकदा तो डिंकाने कायमचा चिकटवायचा बेत केला होता. काकूंनी डिंकाची बाटली कचऱ्यात टाकली.

संध्याकाळी कचेरीतून येताना मी कधीकधी मुद्दाम त्यांच्या दारात थांबायचे, भाला काढताना बघायला. का ते मलाही सांगता यायचं नाही. कोणीतरी कोणाच्या तरी हातातलं ओझं काढून घेत होतं, एवढंच.

यंदा काकूंना जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला सांगितली. काकू म्हणाल्या, "पान्याची बदलली तवा दोन दिवस लागले. माजी पन बदला." रुग्णालयात न्यायच्या दिवशी काकूंनी दिवा लावला, भाला रुमालावर ठेवला आणि काकांना बजावलं, "तुमी हात लावू नका. मी आली का देईन."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मी रजा टाकली आणि पोचले. काकूंना नुकतंच आत नेलं होतं. काका बाकावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. औषधं आणायची चिठ्ठी आली म्हणून आम्ही दोघं रांगेत उभे राहिलो. एक धिप्पाड माणूस सरळ आमच्या पुढे घुसला. मी म्हटलं, अहो, रांग आहे. तो म्हणाला, "दिसतंय. घाई आहे मला." माझं डोकं फिरलं. काय काय बोलले ते लिहीत नाही. बोलता बोलता मी वाट बघत होते. त्या दिवशी माझी वेणी होती, मोकळी पाठीवर सोडलेली. ती कोणी ओढली नाही.

मी मागे वळले. काका तिथेच उभे होते, पण त्यांना तो माणूस दिसत नव्हता, मी दिसत नव्हते. उजवी मूठ आवळलेली. मुठीतून पितळेचं टोक बाहेर आलं होतं.

"काका, हा इथे कशाला आणलात?"

"घरी ऱ्हायला असता तं कोन तरी दिला असता तिच्या हातात." आवाज इतका बारीक की मला जवळ जावं लागलं. "दिला का सकाळ होते. आज सकाळी कुंदाला आत नेनार व्हते ना. म्हनून मी... आजवर कंदी कायच मागितलं नाय गो मी देवीकडं. एवडीच एक शक्ती मागितली. पन त्यांनी तरी नेलंच."

मी त्यांचा हात धरला. मूठ काही उघडली नाही. मला रडू आलं आणि त्या धिप्पाड माणसाने चिठ्ठी आमच्या हातून घेऊन औषधं आणून दिली. त्याचीही आई आतच होती.

काकू वाचल्या. हे आधीच सांगायला हवं होतं, पण त्या दिवशी आम्हालाही ते उशिराच कळलं.

पंधरवड्याने एका संध्याकाळी त्या घरी आल्या, अर्ध्या होऊन. दुसऱ्या दिवशी पहाटे मी चहा घेऊन गेले, तेव्हा काकांनी त्यांना देव्हाऱ्यासमोर खुर्चीत बसवलं, खिशातून भाला काढला आणि बशीत ठेवून पुढे केला. एवढे दिवस अथू रिकाम्या हाताने उभी होती. घुबडावरचं फूल सुकून गेलं होतं, तरी त्याला कोणी हात लावला नव्हता. काकूंनी हात उचलायचा प्रयत्न केला. तो छातीच्या टाक्यांपर्यंत आला आणि थांबला.

"तुमीच द्या आज."

"नाय. तुजं काम हाय ते."

"मना नाय जमायचं. दमली हो मी."

काकांनी बशी खाली ठेवली आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. काकूंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तीही दमलीय. नको आज सकाळ. मना काय घाई नाय."

काकूंनी डोळे मिटले. काकांनीही.

तेवढ्यात स्वयंपाकघरात नळाला पाणी आलं. दोघांपैकी कोणी उठलं नाही. मला घरचं आवरून कचेरी गाठायची होती. मी आत गेले, पदर खोचला आणि त्यांच्या बादल्या भरायला लावल्या.