सगळ्या घेतल्या

मास्तरांना आपली शुगरची गोळी आपल्या हाताने घ्यायची होती. मागणी एवढीच, पण काकूंच्या राज्यात ती मंजूर होईल तर शपथ. रोज न्याहारीच्या वेळी त्या गोळी मास्तरांच्या तळहातावर ठेवत, समोर ठाण मांडून उभ्या राहत आणि गोळी घशाखाली उतरली की म्हणत, "तोंड उघडा बघू." ज्या शिंप्यापुढे मोठमोठे साहेब हात वर करून मुकाट उभे राहतात, तो स्वतःच्या घरात आ करून उभा राहायचा.

म्हणून काकू गावातच राहणाऱ्या बहिणीकडे मुक्कामाला निघाल्या, तेव्हा मास्तरांनी तह मांडला.

"तू येईपर्यंत मी सगळं नीट सांभाळलं, तर पुढे माझ्या गोळीत लक्ष घालायचं नाही."

"आणि नाही सांभाळलं तर?"

"तर जन्मभर आ करीन."

"बघते हं," काकू म्हणाल्या. "घरातल्या संपल्यात. उद्या दुकानात जाताना आठवणीने घ्या."

"मी काय कुकुलं बाळ आहे?"

दुसऱ्या दिवशी न्याहारी उरकून मास्तर औषधाच्या दुकानात गेले, महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट घेतलं, खिशात टाकलं आणि मोठ्या तोऱ्यात आपल्या दुकानाचं दार उघडलं. बँकेतले साहेब वाटच बघत होते. त्यांना दुपारच्या मीटिंगला नवा कोट हवा होता आणि कोटाला अजून एकच बाही होती. मास्तरांनी कोट साहेबांच्या अंगावर चढवला, टाचण्या ओठांत धरल्या आणि कामाला लागले. तेवढ्यात काकूंचा फोन आला. तो त्यांनी कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला.

"अहो, गोळ्या घेतल्या का?"

"हं. घेतल्या," टाचण्या सांभाळत मास्तर पुटपुटले.

"घेतल्या म्हणजे? किती घेतल्या?"

"सगळ्या."



"सगळ्या?"

"अख्खं पाकीट. एकदम. आता महिनाभर बघायला नको."

"बसा तिथेच," काकूंचा आवाज चिरकला. "हलू नका. मी आले." आणि फोन बंद.

नवऱ्याने एक काम धड केलं तर बायकोला इतका धक्का बसावा, याचं मास्तरांना वाईट वाटलं. ते पुन्हा बाहीकडे वळले. तोवर शेजारचा चष्मेवाला भलामोठा पेला घेऊन धावत आला. लोकांचे डोळे तपासून तपासून हा गृहस्थ स्वतःला अर्धा डॉक्टर समजू लागला होता.

"मास्तर, हे गटागट प्या. साखरेचं पाणी आहे."

मास्तर टाचण्यांमागून नुसतेच "उंहूं" म्हणाले.

"जीभ जड झालीय," चष्मेवाल्याने साहेबांना सांगितलं.

मास्तरांनी टाचण्या काढल्या. "अरे, मला शुगर आहे. साखर कसली पाजतोस?"

"होती. आता ती झपाट्याने उतरतेय. काकूंचा फोन होता. तुम्ही काहीही म्हणालात तरी ऐकायचं नाही, असं बजावलंय त्यांनी."

मास्तर संतापाने थरथरायला लागले. कपाळावर घाम आला.

"थरथर, घाम, चिडचिड," चष्मेवाला म्हणाला. "साहेब, गाडी काढा."

मास्तर पाणी प्यायले, कारण पेला दातांवर आदळत होता. साहेबांनी एका बाहीचा कोट तसाच अंगावर ठेवून गाडी हाकली आणि वळणावळणावर टाचणी टोचली की "आई गं" म्हणत राहिले. चष्मेवाल्याने फोनवर कळवल्यामुळे काकूही थेट दवाखान्याच्या दारात रिक्षातून उतरतच होत्या. डोळे रडून सुजलेले.

डॉक्टरांनी मास्तरांच्या बोटातून रक्त काढून तपासलं आणि भुवया उंचावल्या.

"एवढ्या गोळ्या पोटात गेल्यावर साखर उतरायला हवी. ही तर चढलीय. मास्तर, नक्की किती घेतल्या?"

"महिन्याच्या," मास्तर वैतागून म्हणाले आणि खिशातलं पाकीट टेबलावर ठेवलं. "ह्या बघा."

सगळे पाकिटाकडे बघत राहिले.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "म्हणजे विकत घेतल्या?"

"मग काय तो फुकट देतो?"

काकूंनी पदराने डोळे पुसले. "माझंच चुकलं. उगाच गावभर बोंब केली. तुमची गोळी आता तुम्हीच बघा, मी एक शब्द बोलणार नाही."

मास्तरांना कोण आनंद झाला. पण डॉक्टर पाकीट उलटसुलट करून बघत होते.

"हे तर उघडलेलंही नाही. मग आजची गोळी?"

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "राहिलीच की. आता दोन घेऊन भरून काढू?"

"मुळीच नाही. चुकलेली गोळी दुप्पट घेऊन भरून काढायची नसते. त्यात साखरेचं पाणी झालंय. थोड्या वेळाने पुन्हा तपासतो, मग पुढची कधी ते मी सांगेन. आणि काकू, तुम्ही धावत आलात ते योग्यच केलंत. अशी शंका आली की घरी वाट बघत बसायचं नाही."

"तरी मी म्हणतच होते," काकूंचा आवाज एकदम परत आला. "यांच्यावर भरवसा म्हणून ठेवायचा नाही." बोलता बोलता त्यांना धाप लागली, चेहरा लालबुंद झाला. डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडा बघून विचारलं, "काकू, तुमची बीपीची गोळी?"

काकूंनी नजर खाली वळवली. "हातात होती. म्हटलं, आधी यांना फोन करून विचारावं. मग कुठली गोळी न् काय."

हसायची नामी संधी होती, पण मास्तरांना हसू आलं नाही. ही बाई आपल्यासाठी धावत आली आणि स्वतःचा जीव मात्र टांगणीला लावला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बस इथे. बोलू नकोस जरा."

"आजपासून," डॉक्टर म्हणाले, "यांच्या गोळीवर तुमचं लक्ष आणि तुमच्या गोळीवर यांचं."

सुटका मागायला गेलेल्या मास्तरांना अशी पहारेकऱ्याची नोकरी लागली. ते आता न्याहारीला काकूंच्या समोर चष्मा लावून उभे राहतात. गोळी गिळल्यावर "जीभ वर कर, आता डावीकडे, आता उजवीकडे" असं माप घेतल्यासारखं बघतात आणि दुपारी दुकानातून फोन करून पुन्हा खात्री करून घेतात. परवा काकू एकट्याच डॉक्टरांकडे गेल्या होत्या. तब्येत ठणठणीत होती. यांना या कामातून मोकळं करता येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.