भैय्याजींच्या बंदुकीची गादी

बंदुकीवर दुर्बीण बसवून आणली आणि त्या दिवसापासून भैय्याजींचा नेम पार बिघडला. दुर्बीण चांगली होती, नागपूरहून मुद्दाम आणलेली. पण तिच्यात डोळा लावायचा तर मान उंच करावी लागे, आणि मान उंच केली की गाल बंदुकीच्या लाकडी दस्त्यावरून सुटे. अधांतरी गालाने मारलेली गोळी कुठेही जाई. एकदा ती समोरचा डबा सोडून शेजारच्या माठाला लागली आणि बघायला जमलेल्या मंडळींना तहानलेलेच घरी जावे लागले.

आंबागडच्या पायथ्याशी दरवर्षी हौशी मंडळींची चांदमारी, म्हणजे नेमबाजीची स्पर्धा, भरायची. डोंगर समोर असल्यामुळे चुकलेली गोळी मातीत रुतून बसायची. तिथे पहिला नंबर नेहमी हिरालालचा. भैय्याजींसारखीच त्याचीही तुमसरला राइस मिल होती, त्यामुळे हे हरणे भैय्याजींना जरा जास्तच झोंबायचे.

कृष्णराव त्यांच्या मिलचे दिवाणजी. दिसली वस्तू की दुरुस्त करायची, ही त्यांची खोड. ऑफिसातल्या डुगडुगत्या खुर्चीला त्यांनी पाचवा पाय लावला होता. तेव्हापासून ती डुगडुगत नव्हती, आणि तिच्यावर कोणी बसतही नव्हते.

"गाल टेकाले गादी पायजे, भैय्याजी," ते म्हणाले. "दस्त्यावर बांधून टाकू. मी घरी करून आणतो."

"बंदूक बाबूजीनं देल्ली हाये मले. खिळा ठोकसान त याद राखा."

"खिळ्याचं कामच नाई. नुसती बांधाची."

बाबूजी म्हणजे भैय्याजींचे वडील. आता ते मिलच्या व्हरांड्यात नुसते बसून असत, पण ते खोकले तरी आतले हमाल हळू बोलत.

परवान्याची बंदूक काही घरी नेता येत नव्हती. म्हणून कृष्णरावांनी दस्त्याऐवजी मुसळ मांडीवर घेतले आणि त्याच्यावर जुन्या मखमलीची खोळ बेतायला बसले. त्यांची बायको सुलोचनाबाई थोडा वेळ बघत राहिल्या.

"माह्या मुसळाले उशी कायले शिवून राहिले?"

"बंदुकीची हाये."

"मंग बंदुकीले झोप येत नाई का?"

कृष्णराव शिवतच राहिले. खोळीत त्यांनी आधी कापूस भरला. गाल टेकताच तो चपटा झाला. मग चिंध्या भरल्या, तर गाठी टोचू लागल्या. शेवटी मिलमधला बारीक कोंडा आणून ठासून भरला आणि तो शिवणीतून गळू नये म्हणून आतून भाताची पेज फासून वाळवली. गादी अशी झकास झाली की कृष्णराव मुसळाला गाल लावून बराच वेळ तसेच बसले.

"कोंडा अन् पेज," सुलोचनाबाई म्हणाल्या. "हे त म्हशीचं आंबोण झालं. याले कोणी खाऊन टाकलं त मले सांगू नका."

चांदमारीच्या आदल्या दिवशी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी गादी दस्त्यावर बांधली गेली. भैय्याजींनी गाल टेकला, दुर्बिणीत डोळा लावला आणि खुशीने हुंकार दिला. बंदूक गादीसकट ऑफिसच्या लाकडी कपाटात बंद झाली.

सकाळी भैय्याजींनी किल्ली देऊन सांगितले, "बंदूक पुसून ठेवा. मी जीप काढतो." कृष्णरावांनी कपाट उघडले. मखमलीची लक्तरे झाली होती. कोंड्याचा कणही शिल्लक नव्हता. कपाटाच्या मागच्या फळीला मुठीएवढे भोक होते. आणि उंदरांनी नुसती गादी खाल्ली नव्हती. पेज दस्त्यालाही लागली असावी. तिथे चांगले दातांचे नांगर फिरले होते. बाबूजींनी दिलेला दस्ता. कृष्णरावांना नोकरी गेल्यासारखेच वाटले.

लक्तरे धोतराच्या ओच्यात लपवून ते घराकडे पळाले. घर मिलच्या मागेच होते.

"सांगू नका म्हटलं होतं," सुलोचनाबाई म्हणाल्या, पण सुई घेऊन बसल्या. मखमल कशीबशी जोडली. आता भरायचे काय? कापूस चपटा होतो, चिंध्या टोचतात, कोंड्याचे तर नाव नको. त्यांनी इकडे तिकडे बघितले, मग खुंटीवरचे आपले केसांचे गंगावन काढले, गुंडाळून खोळीत कोंबले आणि टाके घातले. कृष्णरावांना त्या क्षणी बायकोच्या पाया पडावेसे वाटले. वेळ नव्हता, म्हणून राहिले.

गादी बांधल्यावर दातांच्या खुणा झाकल्या गेल्या. जीप आंबागडला पोचली. वाटेत भैय्याजी बोलत होते आणि कृष्णराव "हो हो" म्हणत होते.

गंगावन फार छान भरले गेले होते. भैय्याजींचा गाल त्यावर असा स्थिरावला की पहिली गोळी मधोमध लागली. दुसरीही. तिसर्‍या गोळीच्या दणक्याने मात्र एक टाका उसवला आणि वीतभर काळी बट बाहेर येऊन वार्‍यावर डोलू लागली. कृष्णरावांनी डोळे मिटले.

"हे केस कायचे जी?" हिरालालने जवळ येऊन विचारले.

भैय्याजींना काहीच ठाऊक नव्हते. पण हिरालालसमोर ठाऊक नाही म्हणणे त्यांच्याने होईना.

"अस्वलाचे," ते गंभीरपणे म्हणाले.

हिरालालने बट नाकाशी नेली. "अस्वल खोबरेल लावते का?"

"पाळलेलं होतं," कृष्णरावांच्या तोंडून निघून गेले.

हिरालाल विचारात पडला. विचारातच त्याने पुढच्या दोन गोळ्या डोंगरात घातल्या आणि पहिला नंबर भैय्याजींचा आला. लोकांनी दोघांनाही गुलाल लावला. भैय्याजी गादीचे टाके कुरवाळत म्हणाले, "सोडा हो पट्ट्या. हिरालालले आतून दाखवू."

कृष्णराव त्यांना बाजूला, जीपच्या आडोशाला घेऊन गेले आणि कोंडा, पेज, उंदीर, गंगावन असे सगळे एका दमात सांगून टाकले. भैय्याजींनी गादी वर सरकवली. दातांच्या खुणांवरून बोट फिरवले. मग इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "इथं पाहा."

खुणांच्या जरा खाली एक लांब भेग होती, मेण भरून बुजवलेली.

"गेल्या साली माह्या हातून व्हरांड्याच्या पायरीवर पडली. तवापासून बाबूजीसमोर बंदूक काढली नाई. रोज वाटे, बाबूजी आज पाहाले मागतीन, उद्या मागतीन." त्यांनी मोठा श्वास सोडला. "आता बिनधास्त दाखवतो. उंदरानं खाल्ली म्हणतो."

कृष्णरावांच्या डोक्यावरून भाताचे पोते उतरावे तसे झाले. दोघेही तिथेच जीपच्या पायरीवर टेकले आणि गुलाल माखलेल्या चेहर्‍यांनी हसत राहिले.

संध्याकाळी बंदूक बाबूजींच्या मांडीवर ठेवली गेली. भैय्याजींनी उंदरांची हकिकत सांगितली. म्हातार्‍याने चष्मा लावून खुणा पाहिल्या, मान हलवली. मग त्यांचे नख मेणावर थांबले.

"अन् ही भेग?"

भैय्याजी कृष्णरावांकडे पाहू लागले.

"मिलचे उंदीर हायेत, बाबूजी," कृष्णराव म्हणाले. "खाऊन खाऊन लय मोठे झाले."

बाबूजींनी आधी एकाकडे पाहिले, मग दुसर्‍याकडे. चष्मा काढून पुसला.

"बंदुकीले पायरीवर आपटतेत," ते म्हणाले, "इतके मोठे?"

दोघांनीही माना खाली घातल्या. म्हातारा खोकत खोकत हसायला लागला, आणि आतले हमाल बोलायचे थांबले.

"मंग मांजर नका आणू. वाघच पाळा," ते म्हणाले आणि बंदूक मुलाच्या हातात परत दिली. "चहा सांगा. हिरालाल हरला म्हणे, ते सांगा आधी."