बबनरावांच्या थांबलेल्या पेशी

गुरुवार. हजर : मी, वॉचमन गायकवाड, डॉ. बबन कड आणि इनक्युबेटरमधल्या कर्करोगाच्या पेशी. पेशींना हजेरीत धरायचं हा बबनरावांचा आग्रह. गुरुवारी तळवड्यातले गाळे बंद असतात. "सुट्टी कंपन्यांना हाय, मॅडम. ह्यांना कोण देतंय?" असं म्हणून ते येतात, म्हणून मग वीज गेली तर जनरेटर बघायला मीही येते.

आमची प्रयोगशाळा लहान. तिथलं सामान, परवाने आणि माणसं वेळेवर चालवणं हे माझं काम. बबनराव चाकणजवळच्या शेतकरी घरातले. पीएचडी केली, पण बोली गावचीच ठेवली. पाहुण्यांशी ते उत्तम इंग्रजी बोलतात, पेशींशी मात्र, "काय गं बायांनो, खाल्लं का?"

त्यांचं काम मी नव्या माणसाला असं सांगते : कर्करोगाच्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहतात. औषधाने त्यांच्या डीएनएला इजा केली, की काहींच्यात एक राखणदार जनुक कामाला लागतं आणि पेशी वाढवणारी जनुकं मंद पडतात. पेशी जागच्या जागी थांबते. जिच्यातलं राखणदार जनुकच बिघडलंय, ती मोडका डीएनए घेऊनही पुढे जाते. कोणतं जनुक किती मंदावलं, ते बबनराव मोजतात.

हे सांगून मी एकदा पाहुण्यांना म्हटलं, "म्हणजे थोडक्यात, पेशी मेल्या."

मागून आवाज आला, "थांबल्यात, मॅडम. मेल्या न्हाईत. एखादी उद्या उठंल बी."

या एका वाक्यावर त्यांचं सगळं जग चालतं. मारुंजीची बस आली नाही, तर ती रद्द नसते, थांबलेली असते. प्रिंटर मेल्याची माझी तक्रार त्यांनी लाल पेनाने खोडून 'थांबला' अशी केली. गायकवाड खुर्चीत घोरताना सापडला, तेव्हा मी मेमो काढणार होते.

"थांबलाय, मॅडम. हलवून बघा."

"डॉक्टर, तुमचं मन लय मोठं हाय राव," गायकवाड डोळे न उघडता म्हणाला.

आज बबनरावांचे हात ग्लोव्हजमध्ये असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी मलाच तो स्पीकरवर धरायला लावला. थोरली बहीण होती. आक्का आजारी आहेत, एवढंच मला माहीत होतं.

"बबन्या, मला सलाईनमधून देत्यात त्येच औषध तू तुझ्या त्या डबीत टाकतो म्हनं. व्हय का?"

"व्हय, आक्का."

"मग? मेल्या का त्या?"

आता ते वाक्य येणार, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. बबनराव हातातल्या डिशकडे बघत होते.

"मेल्या, आक्का. समद्या मेल्या."

"खोटं बोलतो."

"न्हाई गं."

"मग येत्या गुरुवारी येते. मला डोळ्यांनी दाव." फोन बंद झाला.

मला असल्या वेळी उपाय सुचतो, सांत्वन सुचत नाही. म्हटलं, "फेकायला काढलेल्या डिश आहेत. त्यातली एक दाखवू. त्यातल्या पेशी मेलेल्याच असतात."

"त्या ब्लीचनं मेल्यात, मॅडम."

"आक्कांना काय कळणार आहे?"

"तिला न्हाई कळायचं." त्यांनी ग्लोव्हज काढले. "फोनवर जमलं. ती शेजारी उभी राहून मायक्रोस्कोपात डोळा घालंल, तवा न्हाई जमायचं मला."

मग औषध टाकलेली डिश त्यांनी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि बराच वेळ वाकून पाहत राहिले. शेवटी बाजूला सरकले.

"कडंला एक मेलेली दिसतीय का, बघा बरं. मला दिसतीय, पन आज माझ्या डोळ्यांचा भरवसा न्हाई."

मी पाहिलं. मला सगळ्या सारख्याच दिसल्या. तसं मी म्हटलं नाही, "पुन्हा बघते," म्हटलं.

संध्याकाळी पुढच्या गुरुवारची तयारी केली. आक्कांचा गेट पास झाला. त्यांना जिना नको, म्हणून मायक्रोस्कोप खालच्या खोलीत उतरवून घेतला. समोर पाठ टेकायची खुर्ची ठेवली. मायक्रोस्कोपखाली कोणती डिश ठेवायची, ते अजून ठरायचं आहे.