आईचा गुडघा आणि सर्वानुमते स्की

सहलीला माणूस जातो आठ दिवस आणि ती ठरवतो आठ महिने, तेव्हा सहलीचा खरा अभ्यास करायचा तर तो ठरवण्याचाच केला पाहिजे, हे कुणीही शहाणा माणूस मान्य करील. (जो करणार नाही, तो अजून कुटुंबासह कुठे गेलेला नाही.) आमच्या घरात हे शास्त्र फार पुढे गेलं आहे. श्रेय दादाचं. दादा पाणीपुरवठा कार्यालयात अधीक्षक आहे आणि घरातली कुठलीही गोष्ट, अगदी पडदे धुवायला काढायचे असले तरी, बैठक बोलावून आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करूनच पार पाडतो. इतिवृत्त मी लिहितो. धाकट्याचं अक्षर चांगलं आहे, एवढ्या एका गुणावर मी हे पद अनेक वर्षं सांभाळून आहे.

या सहलीचा उगम आईच्या गुडघ्यात. जिना चढताना आई मधल्याच पायरीवर थांबून भिंतीचे पोपडे बघायला लागली. आधी आम्हाला वाटलं, घर रंगवायचं सुचवते आहे. मग ताईने तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. (ताई गाडी लावायला जागा शोधून वर पोचेपर्यंत तपासणी संपून चिठ्ठी तयार होती.) डॉक्टरांचं म्हणणं असं की गोळ्या चालू ठेवा, पण जमलं तर बर्फाच्या डोंगरातल्या त्या जुन्या गावी घेऊन जा. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, एके काळी राजघराण्यातली माणसं सांधे शेकायला येत. आठ दिवस त्या पाण्यात गुडघा ठेवला की बराच आराम पडतो.

पहिल्या बैठकीत एकच ठराव झाला: आईला झऱ्यांवर न्यावे. पाच मिनिटांत सगळं आटोपलं, आणि इतक्या लवकर आटोपलं याचंच सर्वांना वाईट वाटलं. तेव्हा भावजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, त्या गावाचं माहितीपत्रक उलटून बघितलं. भावजी विमा विकतात, त्यामुळे कुठलाही कागद उलटून बघायची त्यांना सवय आहे. मागच्या बाजूला स्की करणाऱ्या माणसाचं चित्र होतं. इतक्या लांब जायचं आणि नुसते पाय भिजवून यायचं का, असा सवाल त्यांनी केला. सवाल बिनतोड होता. स्कीची नोंद उपविषय म्हणून झाली. पाचव्या बैठकीपर्यंत उपविषयाचा विषय झाला आणि आईचा गुडघा 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या सदरात गेला. तिथे तो सुखरूप होता. त्या सदरापर्यंत आम्ही कधी पोचलो नाही.

स्कीचा अनुभव कुणालाच नव्हता. बर्फ आम्ही पाहिला तो फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, तोही सुरीने खरवडताना. पण उंटावरून शेळ्या हाकायला उंट तरी कुठे लागतो, सोफा पुरतो. भावजींनी कपाटाच्या दोन फळ्या पायांना बांधून बैठकीच्या खोलीत उभं राहण्याचा सराव सुरू केला. वहिनी घड्याळ लावून नोंद ठेवायची. पहिल्या आठवड्यात ते सरासरी चाळीस सेकंद उभे राहत, महिन्याअखेर पंचावन्न. ही प्रगती लक्षणीय होती. (खोलीला उतार नव्हता, हेही नमूद केलं पाहिजे.)

एकूण बैठका चौदा, एकूण तास एकेचाळीस. त्यांतले एकोणतीस तास स्कीवर, आठ तास लोकरी कपड्यांवर आणि साडेतीन तास खिडकीशी कोण बसणार यावर खर्च झाले. उरलेला अर्धा तास झऱ्यांना मिळाला. त्यातली वीस मिनिटं पाण्यात उतरताना डोक्याला टोपी लागते का, या प्रश्नावर गेली. निर्णय झाला नाही.

कुणी म्हणेल, आईला विचारलं का? विचारलं, दप्तर साक्षीला आहे. प्रत्येक बैठकीच्या शेवटी दादा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन रीतसर विचारायचा. आई म्हणायची, माझं काय, तुम्ही ठरवा. दादाच्या कार्यालयाचा नियम असा की ज्याची हरकत नाही, त्याची संमती. मी लिहायचो: आईंची हरकत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं की पुढे पुढे बैठकीच्या आधीच लिहून ठेवायला लागलो.

आणि मग घोडं अडलं. हंगामात गावातली एकही खोली रिकामी नव्हती. फक्त झऱ्यांच्या जुन्या स्नानगृहाला लागून असलेल्या विश्रामगृहात जागा होती, पण तिथे डॉक्टरांची चिठ्ठी असलेला रुग्ण आणि त्याचे नातेवाईक यांनाच प्रवेश. त्या दिवशी आईच्या गुडघ्याला घरात जो मान मिळाला, त्याला तोड नाही. वहिनीने चिठ्ठीला प्लॅस्टिकचं आवरण करून आणलं. ताईने ती कपाटात दागिन्यांशेजारी ठेवली. कागदाला कुणी इतकं जपताना मी प्रथमच पाहत होतो.

पेच उभा राहिला तो तेराव्या बैठकीत. स्टेशनपासून गावापर्यंत जी गाडी ठरवली होती तिच्यात जागा पाच आणि माणसं सहा. मोठी गाडी मिळत होती, पण तिच्या टपावर स्की बांधायची सोय नव्हती. मग ताई अतिशय काळजीने म्हणाली की गुडघेदुखीला थंडी फार वाईट. वहिनीने माहितीपत्रकातून स्नानगृहाला सेहेचाळीस पायऱ्या असल्याचं शोधून काढलं. भावजींनी या वयातल्या प्रवासाचे धोके क्रमवार सांगितले, तो त्यांचा धंदाच आहे. अशा रीतीने आईचं हित चारी बाजूंनी पाहून ठराव झाला: चिठ्ठी न्यावी, आईंनी घरी विश्रांती घ्यावी.

"जा, नीट जा," आई म्हणाली. "मी आहे घरी."

सुंठीवाचून खोकला गेला, असं कुणी बोलून दाखवलं नाही; पण त्या दिवशी चहा दोनदा झाला. मला वाईट वाटलं, हे मी इथे स्पष्ट लिहितो. इतिवृत्तात त्याला रकाना नसतो.

गाव माहितीपत्रकासारखंच सुंदर निघालं. स्नानगृहाच्या काउंटरवर पांढऱ्या कोटातल्या एक बाई होत्या. रुग्ण कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. रुग्ण डॉक्टरांच्या सल्ल्याने विश्रांती घेत आहे, असं दादाने सांगितलं, आणि यात एक डॉक्टर सोडले तर काही खोटं नव्हतं. बाईंनी फॉर्म पुढे ओढला.

"गुडघा कोणता? डावा की उजवा?"

दादाने ताईकडे पाहिलं. ताईने चिठ्ठीकडे पाहिलं. पण अक्षर डॉक्टरांचं होतं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, कारण दप्तर माझ्याकडे. चौदा बैठकांचं दप्तर मी तिथेच चाळलं. त्यात स्कीच्या काठीची योग्य लांबी होती, मोज्यांचे सात प्रकार होते. आम्हा पाच जणांचा आईबरोबरचा एकूण सहवास मी मागाहून मोजला, तो एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षं भरला.

शेवटी दादाने घरी फोन लावला. पलीकडून आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्हाला कोणता सोयीचा पडतो," ती म्हणाली, "तो लिहा."

दादाने मतं घेतली. डाव्याला तीन, उजव्याला दोन. (मी डाव्याला.) डावा बहुमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी बर्फावरून चार मीटर गेले आणि त्यांचा उजवा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. इकडे स्नानगृहाला रुग्ण हवाच होता, तेव्हा त्यांनाच पाठवलं. तिथली मंडळी फॉर्मबाहेर एक पाऊल टाकत नाहीत, याबद्दल त्यांचं कौतुक केलं पाहिजे. रोज सकाळी भावजींचा डावा गुडघा औषधी पाण्यात आणि उजवा टबाबाहेर कोरड्या फडक्यात, असे सात दिवस उपचार झाले. डाव्याला फार आराम पडला, असं ते सांगतात.

परत आलो तेव्हा दार उघडायला आईच आली. यायला तिला जरा वेळ लागला. ती कोणत्या पायावर भार देते, ते या वेळी मी नीट बघणार होतो; पण दोन्ही हातांत बॅगा होत्या, आणि सगळे एकदम फोटो दाखवायला लागले, त्यात राहून गेलं.

एव्हाना तुम्हाला आमचा रागही आला असेल. येऊ द्या, तो तुमचा अधिकार आहे. फक्त एक सांगा: पहिल्या पानापासून आईचा गुडघा, आईचा गुडघा चाललं आहे. कोणता, असा प्रश्न काउंटरवरच्या बाईंच्या आधी तुमच्या तरी मनात आला होता का? तुम्हीही फळ्यांवर उभे राहिलेले भावजीच बघत होतात. असो. आता तुमच्या आईविषयी. डावा की उजवा, ते मागाहून बघू. तिचं जे दुखतं, तो गुडघाच आहे का, तेवढं आधी सांगा.